हमी कोणी द्यावी?

निरनिराळ्या राष्ट्रांच्या टपाल, तार व दूरध्वनी खात्यांचे अंमलदार ज्या सल्लागार समितीत एकत्र बसून आंतरराष्ट्रीय दळणवळणाचे नियम ठरवीत असत, आणि जी आपल्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून सी.सी.आय.टी.टी. म्हणून ओळखली जाई, तिच्या एका अभ्यासगटापुढे इ. स. १९७६ च्या आरंभी जिनीव्हा येथे एक मसुदा मंजुरीसाठी आला. त्याचा क्रमांक ‘एक्स.२५’. मसुद्याची भाषा असल्या कागदांची असते तशीच रुक्ष होती. परंतु त्याच्या कलमांच्या मुळाशी एक मोठा प्रश्न होता. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे निघालेला मजकूर वाटेत गहाळ झाला, त्याचे तुकडे मागेपुढे पोचले, किंवा एकच तुकडा दोनदा हाती आला, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा : मजकूर वाहून नेणाऱ्या जाळ्याला, की तो पाठवणाऱ्या व घेणाऱ्या दोन टोकांना? दूरध्वनी खात्यांनी या मसुद्यात उत्तर दिले होते की, जाब आम्हांला विचारावा. आणि संगणकशास्त्रज्ञांचा एक लहानसा, पण मोठा आग्रही गट गेली काही वर्षे सांगत होता की, ही हमी जाळ्याने देऊच नये. आज जगाचे बहुतेक सारे दळणवळण ज्या पायावर उभे आहे तो पाया याच वादात घातला गेला. या वादात ज्यांचा पराभव झाला असे सांगितले जाते त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते, ते अर्धे खरे होते, असे माझे मत असल्यामुळे ही हकीकत जरा विस्ताराने सांगावीशी वाटते.

दूरध्वनीच्या जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. एका गावच्या वर्गणीदाराने दुसऱ्या गावच्या वर्गणीदाराला बोलावले की मधल्या प्रत्येक एक्स्चेंजमध्ये तारेला तार जोडली जाई, आणि संभाषण संपेपर्यंत तो अखंड विद्युत्-मार्ग त्या दोघांच्याच ताब्यात राही. ते बोलत असोत वा गप्प असोत, तिसऱ्याला त्यावरून जाण्याची मुभा नसे. शब्द ज्या क्रमाने निघे त्याच क्रमाने पोचे, कारण त्याला दुसरी वाटच नव्हती. माणसांच्या बोलण्याला ही व्यवस्था मानवली होती. संगणकाचे बोलणे मात्र तुटक असते : क्षणभर अक्षरांचा लोंढा, आणि मग दीर्घ मौन. १९६० नंतरच्या वर्षांत, एकाच महागड्या यंत्रावर अनेकांनी दुरून एकाच वेळी काम करण्याची पद्धत जेव्हा रूढ होऊ लागली, तेव्हा दोन ओळी टंकून विचार करीत बसलेल्या माणसासाठी शेकडो मैलांची सबंध वाट अडवून ठेवणे किती उधळपट्टीचे आहे, हे जाणत्यांच्या ध्यानात येऊ लागले.

परंतु या दिशेने ज्यांनी पहिले पाऊल टाकले त्या पॉल बॅरन यांच्या मनात काटकसर नव्हती, युद्ध होते. त्या वेळी पोलंडमध्ये असलेल्या ग्रोड्नो गावी १९२६ साली जन्मलेले आणि बालपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले बॅरन १९५९ साली कॅलिफोर्नियातील रँड या संस्थेत रुजू झाले. अणुबाँबच्या पहिल्या तडाख्यात मोजकी मध्यवर्ती एक्स्चेंजे नष्ट झाली तर साऱ्या देशाचे दळणवळण मुके होईल, आणि प्रत्युत्तराचा हुकूम द्यायलाही मार्ग उरणार नाही, ही त्या काळची खरीखुरी धास्ती होती. बॅरन यांनी मध्यवर्ती ठाणे ही कल्पनाच रद्द केली. जाळ्यातील प्रत्येक ठाणे अनेक शेजाऱ्यांशी जोडलेले असावे, मजकुराचे १०२४ बिटांचे सारख्या लांबीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असावा, आणि ठाण्याने हातात आलेला तुकडा त्या घटकेला जी वाट मोकळी असेल तिने तत्काळ पुढे ढकलावा, अशी त्यांची योजना होती. मार्गनिर्णयाच्या या रीतीला त्यांनी ‘गरम बटाटा’ हे नाव दिले होते. किमान जोडणीपेक्षा तिप्पट-चौपट दुवे असले की अर्धीअधिक ठाणी उद्ध्वस्त झाली तरी उरलेली एकमेकांशी बोलू शकतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. ऑगस्ट १९६४ मध्ये हे संशोधन ११ खंडांत प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या दूरध्वनीची जवळजवळ मक्तेदारी असलेल्या ए.टी.अँड टी. कंपनीच्या तज्ज्ञांना ते पटले नाही; आणि पुढे ही योजना ज्या सरकारी खात्याच्या गळ्यात पडण्याचा रंग दिसू लागला त्या खात्याला हे काम झेपणार नाही असे वाटल्यावरून, ती फसण्यापेक्षा न झालेली बरी, असा कौल खुद्द बॅरन यांनीच दिला. कल्पनेवर इतकी निष्ठा असलेला माणूसच तिला अयोग्य हाती पडू देण्याचे नाकारू शकतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये, टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, डोनाल्ड डेव्हिस दुसऱ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचत होते. वेल्समध्ये जन्मलेले डेव्हिस तारुण्यात ॲलन ट्युरिंग यांच्या संगणकाच्या कामात सहभागी झाले होते. १९६५ च्या अखेरीस, अनेकांनी एक यंत्र वाटून घेण्याच्या पद्धतीवर चर्चा चालू असता, यंत्राचा वेळ जर आपण लहान लहान हप्त्यांनी वाटून देतो तर तारेचा वेळ तसा का वाटू नये, हा विचार त्यांनी शेवटास नेला. तुकड्यांना त्यांनी ‘पॅकेट’ म्हटले, आणि तेच नाव टिकले. मार्च १९६६ मध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा संरक्षण खात्याच्या एका गृहस्थाने त्यांना बॅरन यांच्या संशोधनाची वार्ता दिली. एकाची प्रेरणा अणुयुद्धाची, दुसऱ्याची यंत्रकाळाच्या बचतीची. दोघे परस्परांना अपरिचित. आणि तरीही दोघांच्या तुकड्याची लांबी १०२४ बिटच ठरावी, हे मला फार विलक्षण वाटत आले आहे. डेव्हिस यांना सबंध ब्रिटनभर जाळे उभारायचे होते. त्यांना आपल्या प्रयोगशाळेच्या आवारापुरते उभारता आले.

यापुढचा अमेरिकन भाग सुपरिचित असल्यामुळे थोडक्यात आटोपतो. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसी राज्यातील गॅट्लिनबर्ग येथे एका परिषदेत डेव्हिस यांचे सहकारी रॉजर स्कँटलबरी यांनी इंग्लंडमधील योजना वाचून दाखवली. तेथेच अमेरिकन संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या शाखेचे लॅरी रॉबर्ट्स आपल्या जाळ्याची रूपरेषा मांडीत होते, आणि बॅरन यांच्या ग्रंथाकडे त्यांचे लक्ष तेथेच वेधले गेले. जाळ्याची यंत्रे बांधण्याचा मक्ता बी.बी.एन. या कंपनीला मिळाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे पहिला शब्द रवाना झाला. त्याची दोनच अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. वर्ष संपता संपता चार ठाणी जोडली गेली होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच की, आर्पानेटच्या ठाण्यांवरील यंत्रे आतून पॅकेटे सुटी सुटी, मिळेल त्या वाटेने पाठवीत असली, तरी शेवटचे ठाणे सर्व तुकडे जमा करून, त्यांचा क्रम लावून, मगच मजकूर संगणकाच्या स्वाधीन करी, आणि ‘पुढचा मजकूर येऊ द्या’ अशा अर्थाची पोचपावती उलट धाडी. जाळ्याने हमी घेण्याची वृत्ती तेथेही होतीच; ती कोणी मुद्दाम तत्त्व म्हणून स्वीकारली नव्हती इतकेच.

ती तत्त्व म्हणून स्वीकारली दूरध्वनी खात्यांनी, आणि त्यातून आभासी मंडल, म्हणजे व्हर्च्युअल सर्किट, निर्माण झाले. त्याची घडण नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण ती खरोखर सुंदर आहे. ज्या संगणकाला बोलायचे असेल तो प्रथम जाळ्याकडे एक विनंती-पॅकेट धाडतो. या एकाच पॅकेटावर इच्छित स्थळाचा पूर्ण पत्ता असतो, आणि त्याबरोबर एक लहानसा क्रमांक असतो, जो पाठवणाऱ्याने आपल्या तारेवरील रिकाम्या क्रमांकांतून निवडलेला असतो. पहिले ठाणे पत्ता पाहून पुढची वाट ठरवते, त्या वाटेवरचा एखादा मोकळा क्रमांक घेते, आणि आपल्या दफ्तरात नोंद करते की, अमुक तारेवरून अमुक क्रमांकाने येणारे पॅकेट तमुक तारेवर तमुक क्रमांकाने सोडावे. दुसरे ठाणे तेच करते, तिसरेही तेच. अखेर विनंती पलीकडच्या संगणकाशी पोचते. त्याने ती मान्य केली की स्वीकृती त्याच नोंदींचा माग काढीत उलट येते, आणि मंडल सिद्ध होते. यानंतरच्या पॅकेटांना पत्त्याची गरजच उरत नाही. त्यांच्या माथ्यावर तो क्रमांक पुरतो. ठाणे नोंद पाहते, जुना क्रमांक पुसून नवा लिहिते आणि पॅकेट पुढे सोडते. सर्व पॅकेटे एकाच वाटेने जात असल्यामुळे त्यांचा क्रम ढळत नाही. मात्र ती वाट या संभाषणाने अडवलेली नसते : हे मंडल मुके असेल तेव्हा त्याच तारेवरून इतर शेकडो मंडलांची पॅकेटे जात राहतात. दूरध्वनीच्या मार्गाची सगळी शिस्त ठेवून त्याची उधळपट्टी तेवढी टाकून द्यावी, असा हा बेत होता.

एक्स.२५ ने वर्गणीदाराच्या तारेपुरते हे सर्व अक्षरशः नेमून दिले. मंडलाचा क्रमांक १२ बिटांचा, म्हणजे एका तारेवर चार हजारांहून अधिक मंडले. पॅकेटाचा मथळा अवघा ३ बाइटांचा, आणि मजकूर सामान्यतः १२८ बाइटांचा. प्रत्येक पॅकेटाला ० ते ७ असा फिरता अनुक्रमांक असे, आणि विशेष तजवीज केलेली नसेल तर दोन पॅकेटे पाठवल्यावर पोचपावती येईपर्यंत थांबावे लागे. घेणाऱ्याची जागा भरली तर तो ‘तूर्त नको’ असे कळवू शके, आणि जाळे पाठवणाऱ्याला दमाने घ्यायला लावी. संभाषण संपले की मंडल मोडण्याचे पॅकेट निघे आणि नोंदी खोडल्या जात. सर्व कारभार हिशेबी होता. याची किंमत अशी होती की प्रत्येक ठाण्याला प्रत्येक चालू संभाषणाची आठवण ठेवावी लागे, आणि एखादे ठाणे कोसळले की त्याचे दफ्तर बुडे, त्यातून जाणारी सर्व मंडले तुटत, आणि वर्गणीदारांना सर्व काही पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागे.

याच्या अगदी उलट रचना म्हणजे डेटाग्रॅम. येथे प्रत्येक पॅकेट स्वतंत्र. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता. ठाण्याला संभाषण म्हणून काही ठाऊकच नसते. पत्ता पाहावा, त्या क्षणी जी वाट बरी दिसेल तीवर पॅकेट सोडावे, आणि विसरून जावे, एवढेच त्याचे काम. जागा नसेल तर ते पॅकेट फेकूनही देते, आणि तसे कोणाला कळवण्यास ते बांधलेले नसते. तुकड्यांवर अनुक्रम घालणे, ते जुळवणे, दुबार आलेले टाकणे, न आलेले पुन्हा मागवणे, किती वेगाने पाठवावे हे ठरवणे, हे सारे दोन टोकांच्या संगणकांनी आपसांत पाहून घ्यायचे. मधले ठाणे कोसळले तर पुढचे पॅकेट दुसऱ्या वाटेने जाते, आणि टोकांना बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही.

या दोन मतांची गाठ जितकी कडाक्याने फ्रान्समध्ये पडली तितकी इतरत्र कोठेही पडली नाही, कारण तेथे दोन्ही पक्ष एकाच सरकारचे नोकर होते. राष्ट्राच्या संगणक-उद्योगाला उभारी देण्यासाठी नेमलेल्या खात्याच्या आश्रयाने, पॅरिसजवळच्या रोकांकूर येथील ‘इरिया’ या संशोधनसंस्थेत लुई पूझँ यांनी १९७२ साली ‘सिक्लाद’ नावाचे जाळे बांधायला घेतले. अमेरिकेत राहून आलेला, आर्पानेट जवळून पाहिलेला हा इंजिनियर होता, आणि जाळ्याने अंगावर घेतलेले बरेचसे काम अनावश्यक आहे असा त्याचा निष्कर्ष होता. सिक्लादच्या पोटातील पॅकेट-जाळे, ज्याला ‘सिगाल’ म्हणत, शुद्ध डेटाग्रॅमचे होते. विश्वासार्हतेची सर्व व्यवस्था टोकांच्या संगणकांत. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले. इकडे टपाल व दूरध्वनी खात्याच्या संशोधनकेंद्रात रेमी देप्रे हे तरुण अधिकारी आपले प्रायोगिक जाळे उभारीत होते, आणि त्यात आभासी मंडलाची कल्पना पद्धतशीरपणे आकाराला येत होती. दोघेही फ्रान्सच्या उत्तम शिक्षणसंस्थांतून आलेले. दोघांनाही आपल्या पक्षाची पूर्ण खात्री.

देप्रे यांच्या पक्षाची कैफियत सहानुभूतीने ऐकली पाहिजे. सरकारी खाते पैसे घेऊन सेवा देते. वर्गणीदाराच्या टेबलावर बहुधा बुद्धिहीन टर्मिनल असते, ज्याला क्रम लावता येत नाही की हरवलेले मागवता येत नाही. त्याला ‘तुमचा मजकूर बहुतेक पोचेल’ असे सांगून बिल कसे पाठवायचे? शिवाय गर्दीचा प्रश्न आहे. मंडलाची विनंती येते तेव्हाच जाळ्याला आपली कुवत तपासून नकार देता येतो. डेटाग्रॅमला आधी विचारण्याची रीतच नाही, तो एकदम दारात येऊन उभा राहतो, आणि असे लाखो आले तर काय करणार? हा शेवटचा आक्षेप किती खरा होता ते पुढे दिसेलच.

पूझँ यांचे म्हणणे दुहेरी होते. तांत्रिक भाग असा की, शहाणा संगणक जाळ्याच्या हमीवर विसंबून राहूच शकत नाही, कारण चूक जाळ्याबाहेरही होते : वर्गणीदाराच्या यंत्रात, त्याच्या स्मृतीत, ठाणे कोसळून मंडल तुटते त्या घटकेत. म्हणून टोकांना शेवटी स्वतःची तपासणी ठेवावीच लागते, आणि ती ठेवल्यावर मधल्या हमीचा खर्च दुबार होतो. त्याहून गंभीर बाब ही की, एक जाळे दुसऱ्याला आणि दुसरे तिसऱ्याला जोडले जाईल तेव्हा प्रत्येक खात्याची हमी त्याच्या सरहद्दीपाशी संपेल. अशा हमींची साखळी म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची हमी नव्हे. राजकीय भाग त्यांनी आडपडदा न ठेवता मांडला. १९७६ साली वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी या वादाचे प्रश्न तांत्रिक आहेत तसेच राजकीयही आहेत असे नमूद केले. बुद्धी जर जाळ्यात राहिली तर कोणती सेवा निघावी, तिचा दर काय असावा, हे जाळ्याचा मालक ठरवील. ती टोकांना गेली तर ते कोणालाही ठरवता येईल. खात्यांना हे उमगत नव्हते असे नाही. त्यांना ते पुरते उमगले होते.

तडजोडीचा प्रयत्न झाला. व्हिंटन सर्फ यांच्या पुढाकाराने १९७२ पासून चाललेल्या एका आंतरराष्ट्रीय कार्यगटात अमेरिकन, ब्रिटिश व फ्रेंच संशोधकांनी टोकांनी पाळावयाच्या नियमांचा एक संयुक्त मसुदा खटपट करून सिद्ध केला आणि तो सी.सी.आय.टी.टी.पुढे ठेवला. तेथे त्याचा निभाव लागला नाही. त्या समितीत मत खात्यांचे असे, संशोधकांचे नसे. आणि तिचे ठराव चार वर्षांच्या मुदतीने होत असल्यामुळे १९७६ ची संधी हुकली तर १९८० पर्यंत वाट पाहावी लागली असती, तर कॅनडा, फ्रान्स, ब्रिटन यांची जाळी उभारणीच्या मार्गावर होती. म्हणून घाईने, फ्रान्स, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेची टेलेनेट ही खासगी कंपनी यांच्या प्रतिनिधींनी एकमताचा मसुदा तयार केला, आणि त्याच वर्षी समितीच्या सर्वसाधारण सभेत एक्स.२५ मंजूर झाले. त्या टेलेनेटचे अध्यक्ष कोण, तर आर्पानेटची रूपरेषा आखणारे लॅरी रॉबर्ट्स. संशोधनाची जागा सोडून वर्गणीदारांपुढे उभे राहावे लागल्यावर त्यांनाही मंडलाचाच पक्ष पटला, हे त्या पक्षाच्या बाजूने बरेच काही सांगून जाते. पूझँ यांच्या गटाचे समाधान म्हणून १९८० च्या आवृत्तीत डेटाग्रॅमची ऐच्छिक सोय घातली गेली. १९८४ च्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.

पुढची काही वर्षे एक्स.२५ चीच होती. कॅनडाचे डेटापॅक १९७७ मध्ये आणि फ्रान्सचे ट्रान्सपॅक डिसेंबर १९७८ मध्ये खुले झाले. ट्रान्सपॅकचे दर अंतरावर अवलंबून नव्हते : मार्सेच्या कारखानदाराला पॅरिसशी बोलायला शेजाऱ्याइतकाच खर्च पडे, आणि हे पाऊल त्या काळात धाडसाचे होते. डेटापॅकची मौज अशी की, वर्गणीदाराला दिसे ते आभासी मंडल, पण जाळ्याच्या आत पॅकेटे सुटी, डेटाग्रॅम म्हणूनच फिरत. शेवटच्या ठाण्यावर क्रम लावून ती मंडलाच्या वेषात बाहेर पडत. सिक्लादचे दैव मात्र फिरले. १९७४ मध्ये जिस्कार देस्तँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याला आश्रय देणारे खातेच बरखास्त झाले. पैसा आटत गेला, आणि १९८१ मध्ये ते जाळे बंद पडले.

कल्पना मात्र बंद पडली नव्हती, ती तोवर समुद्रापार गेली होती. पूझँ यांचे सहकारी जेरार ल लान हे १९७३ मध्ये स्टॅनफर्डला सर्फ यांच्याकडे काम करीत होते. सर्फ आणि आर्पाचे रॉबर्ट कान यांच्यापुढचा प्रश्न मुळातच निराळा होता : कान यांना आर्पानेट, फिरत्या वाहनांतील रेडिओ-जाळे आणि उपग्रहाचे जाळे, अशी तीन भिन्न स्वभावांची जाळी एकत्र जोडायची होती. रेडिओची पॅकेटे डोंगराआड, बोगद्यात हरवणारच. तेथे मधल्या जाळ्याकडून हमी मागणे व्यर्थ होते. म्हणून मे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मधल्या जाळ्यांकडून कमीत कमी अपेक्षा ठेवून सर्व जबाबदारी टोकांवर टाकली गेली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हमरस्त्यावर धावणाऱ्या एका मोटारीतून निघालेली पॅकेटे आर्पानेटमधून, अटलांटिकपार उपग्रहावरून नॉर्वे व लंडन असा वळसा घेऊन दक्षिण कॅलिफोर्नियात पोचली. पुढच्याच वर्षी एक निर्णायक बदल झाला. त्या वेळी जाळ्यावरून माणसाचा आवाज पाठवण्याचे प्रयोग चालू होते, आणि डॅनी कोहेन सांगत होते की, आवाजाला हमी नकोच आहे. हरवलेले अक्षर उशिरा आणून देण्यापेक्षा ते सोडून दिलेले बरे. तेव्हा नियमांचे दोन थर झाले : खाली केवळ डेटाग्रॅम वाहून नेणारा आय.पी., आणि वर, ज्याला हवी त्याच्यासाठी हमी देणारा टी.सी.पी. ज्याला ती नको त्याच्यावर ती लादायची नाही. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट सबंध या नियमांवर आले.

आणि मग जुना आक्षेप खरा ठरला. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कली येथे, परस्परांपासून ४०० यार्डांवर असलेल्या प्रयोगशाळा व विद्यापीठ यांच्यामधील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. जाळे पॅकेटे टाकून देत होते, टोके ती पुन्हा पाठवीत होती, त्यामुळे गर्दी अधिकच वाढत होती. नकार देण्याची सोय नसलेल्या व्यवस्थेला जे भय दूरध्वनी खात्यांनी वर्तवले होते तेच हे. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला तोडगा टोकांतच बसवला : पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजून पाठवणाऱ्याने आपला वेग निम्मा करावा, आणि पुढे तो बेताबेताने वाढवीत जावे. लक्षावधी यंत्रांनी, कोणी हुकूम दिला नसता, स्वतःहून संयम पाळावा, या अटीवर सारे जाळे वाचले. पूझँ यांच्या सिद्धांताची याहून कठीण परीक्षा दुसरी झाली नाही, आणि तो उतरला. पण प्रश्न देप्रे यांच्या पक्षाने विचारलेला होता हे विसरता कामा नये.

याच काळात हा वाद भारतातही, आवाज न करता, येऊन पोचला होता. संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने इलेक्ट्रॉनिकी खात्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात आठ संस्था होत्या. मुंबईतून जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्र संस्था आणि पवईची आय.आय.टी. त्यांत होत्या. टी.सी.पी.-आय.पी. आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण-संघटनेचे नियम, असे दोन्ही कायदे या जाळ्याच्या तारांवर शेजारी शेजारी चालवले गेले, कारण त्या वर्षी कोणता टिकेल हे ठामपणे सांगणे शहाणपणाचे नव्हते. दूरसंचार खात्याने आपले सार्वजनिक जाळे, आय-नेट, एक्स.२५ वरच बेतले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि अर्नेटवरची वाहतूकही त्या सुमारास जवळजवळ सगळी टी.सी.पी.-आय.पी.ची झाली.

फ्रान्समध्ये ट्रान्सपॅक दीर्घकाळ टिकले. मिनिटेल ही घरोघरची माहितीसेवा त्याच्याच मंडलांवर चाले. जून १९८५ मध्ये तिच्या वाढत्या गर्दीखाली ते काही काळ कोलमडलेही, पण सावरले, आणि ३० जून २०१२ पर्यंत चालत राहिले. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, ब्रिटनच्या राणीच्या नावाचे अभियांत्रिकी पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्फ व कान यांच्या पंक्तीला लुई पूझँ यांचेही नाव होते.

तथापि आभासी मंडल ट्रान्सपॅकबरोबर गेले, असे जे समजतात ते इंटरनेटच्या पोटात डोकावून पाहत नाहीत. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दूरध्वनी खात्यांनी ए.टी.एम. या नावाने त्याची पुन्हा, ५३ बाइटांच्या ठरीव पॅकेटांवर, प्रतिष्ठापना केली. ४८ बाइट मजकूर आणि ५ बाइट मथळा ही विचित्र संख्या ६४ मागणारे अमेरिकन व ३२ मागणारे युरोपीय यांच्या समेटातून निघाली. ते ओसरल्यावर खुद्द इंटरनेटच्या अभियंत्यांनीच एम.पी.एल.एस. नावाची रीत बसवली, जिचा पायाभूत आराखडा जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या दळणवळण कंपनीच्या सीमेवर आलेल्या डेटाग्रॅमला तेथे २० बिटांची एक चिठ्ठी डकवली जाते. आतली ठाणी पत्ता न उलगडता केवळ ती चिठ्ठी पाहतात, आपल्या दफ्तरातली नोंद काढतात, जुनी चिठ्ठी काढून नवी लावतात आणि आधी आखलेल्या वाटेवर ते सोडून देतात. पलीकडच्या सीमेवर चिठ्ठी उतरवली की ते पुन्हा मोकळे डेटाग्रॅम होते. सर्व ठाणी जेथे एकाच धन्याची आहेत, त्यांतील प्रत्येकाचा जाब त्यालाच द्यायचा आहे, आणि कोणत्या ग्राहकाला किती रुंद वाट द्यायची हे जेथे त्याला आधी ठरवता येते, तेथे देप्रे यांचे मंडल आजही कामावर आहे. एका धन्याच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात पाऊल टाकताना मात्र पॅकेट पूझँ यांच्याच नियमाने जाते, स्वतःचा पूर्ण पत्ता माथ्यावर घेऊन.